घरातले वायरिंग कोणाच्या हातून करून घ्यावे?

घर बांधताना आपण विटा मोजून घेतो, वाळू चाळून घेतो, गवंड्याच्या मागे उभे राहून ओळंबा लावायला सांगतो. वायरिंगच्या बाबतीत मात्र एवढी चौकशी होत नाही. पैसे संपत आलेले असतात, राहायला जाण्याची घाई असते. मग वस्तीतल्या ओळखीच्या मुलाला बोलावून ‘दोन दिवसांत दिवे लागले पाहिजेत’ असे सांगितले जाते. दिवे लागतातही. पण दिवा लागला म्हणजे काम बरोबर झाले असे नव्हे. चुकीच्या वायरिंगवरही दिवा पेटतो. चूक कळते ती पावसाळ्यात भिंत ओली झाल्यावर, नाहीतर उन्हाळ्यात कुलरमध्ये पाणी भरताना.

विदर्भ-मराठवाड्यात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत घरात वावरणाऱ्या बायका आणि लहान मुले असतात. पत्र्याच्या घरात तर वायरचे आवरण पत्र्याच्या कडेला घासून फाटले की सारी भिंतच वीज धरते, आणि त्या भिंतीला बांधलेली कपडे वाळवायची तारही. ओले लुगडे टाकायला गेलेल्या बाईला यातले काहीच दिसत नाही. म्हणून हा विषय जितका कारागिराचा, तितकाच घरातल्या प्रत्येकाचा आहे.

कायदा काय सांगतो?

खांबापासून मीटरपर्यंतची जबाबदारी वीज कंपनीची. मीटरच्या पुढचे सारे, म्हणजे मेन स्विच, वायर, बोर्ड आणि अर्थिंग, हे ग्राहकाचे. या पुढच्या कामालाही नियम आहे आणि तो जुना आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमात तो होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली आणि नंतर २०२३ साली सुरक्षिततेचे नवे विनियम काढले, त्यांतही तो कायम आहे. नवे वायरिंग, वाढीव वायरिंग, फेरफार किंवा दुरुस्ती ही कामे परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करावीत, आणि तीही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, असा त्याचा सारांश आहे.

मग बल्ब बदलायलाही ठेकेदार बोलवायचा काय? नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण होते तसेच बदलायला सूट आहे. अट एवढीच की मूळ वायरिंगची क्षमता आणि स्वरूप बदलता कामा नये. स्विच बदलला तर चालते. पण त्याच वायरवरून गिझरसाठी नवा पॉइंट ओढला, की ते वायरिंगचे काम झाले.

टेस्ट रिपोर्ट म्हणजे नुसती सही नव्हे

नवीन मीटर घेताना ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. पुष्कळांना तो अर्जाबरोबरचा आणखी एक कागद वाटतो. काही ठिकाणी काम एकाने केलेले असते आणि घर न पाहता सही दुसऱ्याने दिलेली असते. त्या सहीला पैसे मोजले जातात आणि मीटर लागते. परंतु तो कागद म्हणजे ‘मी हे वायरिंग तपासले, ते सुरक्षित आहे’ अशी हमी असते.

तपासणी होते ती मेगर नावाच्या यंत्राने. वायरिंगवर ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन आवरणाचा रोध मोजतात. तो निदान एक मेगओहम भरला पाहिजे. कमी भरला तर कुठेतरी वीज भिंतीत झिरपते आहे, असे समजावे. ही तपासणी थोड्या वेळाची आहे. ठेकेदाराला स्पष्ट सांगावे, ‘मेगर लावून आकडा आमच्यासमोर लिहा.’ पैसे आपण देतो, तेव्हा हे मागण्यात संकोच कसला?

एमसीबी असूनही माणूस का दगावतो?

हल्ली बोर्डात एमसीबी असते, म्हणून लोक निर्धास्त असतात. इथे थोडे गणित करू. घरात वीज २३० व्होल्टची येते. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर अंगातून ०.२३ अँपिअर प्रवाह जातो. माणसाचे हृदय बंद पाडायला तेवढा पुरेसा आहे. पण १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो किरकोळ आहे. एका छोट्या टेबल फॅनला याहून फार कमी लागत नाही. त्यामुळे एमसीबी पडत नाही. ती आहे वायर जळू नये म्हणून, माणूस वाचावा म्हणून नव्हे.

माणसासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली अर्थिंग. कुलरच्या लोखंडी अंगात वीज उतरलीच, तर हिरव्या वायरवाटे ती जमिनीत जाते. मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडतो आणि धोका टळतो. पण ही वायर जमिनीत नीट बसवलेल्या अर्थिंगपर्यंत पोचलेली हवी. ती नळाच्या पाइपला बांधणे किंवा बोर्डात न्यूट्रलला जोडून देणे, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही जीव धोक्यात घालणे आहे. तीन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून जाड पिन काढून टाकणे, हीही तीच चूक.

दुसरी गोष्ट म्हणजे आरसीसीबी. जेवढी वीज जाते तेवढी परत येते की नाही, हे ती सतत पाहते. ३० मिलीअँपिअरचा, म्हणजे ०.०३ अँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात पुरवठा तोडते. घरासाठी हीच ३० मिलीअँपिअरची घ्यावी. तिच्यावर ‘टी’ लिहिलेले बटण असते. महिन्या-दोन महिन्यांनी ते दाबून ती पडते की नाही हे पाहावे. मात्र आरसीसीबी लावली म्हणून अर्थिंग नको, असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

काम चालू असताना काय पाहावे?

हे पाहायला इंजिनिअर असावे लागत नाही. घरातल्या बाईनेही उभे राहून विचारावे.

एक : वायर तांब्याची आणि आयएसआय चिन्हाची आहे काय? दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, पॉवरच्या पॉइंटला २.५ आणि गिझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर साधारणपणे वापरतात.

दोन : रंग पाळले आहेत काय? न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी आणि फेज लाल, पिवळी वा निळी. स्विच नेहमी फेजवर हवा. तो न्यूट्रलवर बसवला तर बटण बंद करूनही होल्डरमध्ये वीज राहते.

तीन : एका सर्किटवर किती पॉइंट आहेत? दिव्या-पंख्यांच्या सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा. पॉवरचे सर्किट वेगळे हवे आणि त्यावर दोनच सॉकेट हवेत. १५०० वॅटचा हीटर आणि १००० वॅटची इस्त्री एकाच ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावली, तर जवळजवळ ११ अँपिअर ओढले जातात. मग प्लग काळा पडतो आणि जळका वास येतो.

चार : फ्यूज उडाला म्हणून त्यात जाड तार घालू नये. फ्यूज काहीतरी सांगत असतो, त्याचे तोंड बंद करू नये.

लग्नाची किंवा जयंतीची रोषणाई करतानाही तात्पुरती जोडणी रीतसर घ्यावी. आकडा टाकणे ही २००३ च्या विद्युत कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली वीजचोरी आहे, आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट अशी की आकड्याच्या वायरला ना फ्यूज असतो, ना अर्थिंग.

आपल्या मुलांसाठी

हे काम करणारी पुष्कळ मुले आपल्याच वस्त्यांतली आहेत. हातात कसब आहे, पण कागद नाही. म्हणून राबतात ती आणि परवाना असलेला ठेकेदार बिल फाडतो. अपघात झाला तर पोलीस आधी यांनाच शोधतात. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. त्यानंतर तारतंत्री परवाना, पुढे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना अशी वाट आहे. अर्जाची माहिती जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात विचारावी. घरातला मुलगा किंवा मुलगी या कामात रमत असेल, तर लग्नकार्यातला एखादा खर्च कमी करून हे शिक्षण पुरे करू द्यावे. मुलींनीही हे काम अवश्य शिकावे.

शॉक लागलाच तर

माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी जोराने, भरभर दाब देत राहा आणि कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. बाहेरची तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता १९१२ वर कळवा. विजेच्या अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडून होते. चौकशी होईपर्यंत जागेवरचे वायरिंग काढून टाकू नका.

आज संध्याकाळी एवढे करा : घरातल्या सर्वांना, लेकरांनासुद्धा, मेन स्विच कुठे आहे ते दाखवा आणि तो प्रत्येकाकडून एकदा बंद करवून घ्या. तिथवर मुलांचा हात पोचत नसेल तर खाली एक लाकडी स्टूल कायमचे ठेवा.