बहुपदीचीं शून्यें

‘या बहुपदीचीं शून्यें काढा’ असें वर्गांत म्हटलें कीं कित्येक विद्यार्थी बुचकळ्यांत पडतात. शून्य तर एकच. मग हीं अनेक शून्यें कोठून आलीं, आणि उत्तर २ व ३ असें कसें येतें? शंका रास्त आहे. दोष नांवाचा आहे, असें आम्हांस वाटतें. शून्य व्हावयाचें तें बहुपदीनें, क्षनें नव्हे. क्ष² − ५क्ष + ६ या बहुपदींत क्षच्या जागीं १ घातला तर किंमत २ येते, ४ घातला तरी २च. परंतु २ किंवा ३ घातला कीं बेरीज-वजाबाकी होऊन हातीं शून्य उरतें. म्हणून २ व ३ हीं तिचीं शून्यें.

हीच बहुपदी (क्ष − २)(क्ष − ३) अशी लिहितां येते. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकीं एक तरी शून्य असलीच पाहिजे. अवयव पाडण्याची सारी खटपट या एका गोष्टीसाठीं आहे. गुणाकार ६ असल्यास अवयवांविषयीं असें ठाम कांहींच सांगतां येत नाहीं. म्हणून एक बाजू आधीं शून्य करून घ्यावयाची. क्ष² = ५क्ष येथें दोन्ही बाजूंस क्षनें भागण्याची घाई मात्र करूं नये. ५ हातीं लागतात, पण ० हें दुसरें शून्य मुकाट्यानें निसटतें, व त्याबरोबर गुणही!

आतां, शून्य सांपडलें म्हणजे उत्तर सांपडलें काय? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथांत (इ. स. ११५०) एक मौजेचें उदाहरण आहे. वानरांच्या कळपाच्या पंचमांशांतून ३ वजा करून जी संख्या येते, तिच्या वर्गाइतके वानर गुहेंत शिरले. एक मात्र फांदीवर दिसतो. तर कळप केवढा? समीकरण मांडून सर्व पदें एका बाजूस आणलीं कीं क्ष² − ५५क्ष + २५० ही बहुपदी येते. तिचीं शून्यें ५० व ५. पन्नासांचा पंचमांश १०, त्यांतून ३ गेले ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचा १: कळप जुळला. पांचांचा पंचमांश १, त्यांतून ३ वजा केले कीं −२. वर्ग ४, अधिक १, म्हणजे ५. आंकडेमोड बिनचूक आहे. तरी आचार्यांनीं ५ हें उत्तर टाकून दिलें, कारण वजा दोन वानर कोणी मानीत नाहीं. बहुपदीस वानर ठाऊक नसतात. ते आपणच ध्यानांत ठेवावयाचे.

त्याच ग्रंथांतील दुसऱ्या उदाहरणांत कळपाच्या अष्टमांशाच्या वर्गाइतके वानर वनांत खेळत आहेत व उरलेले १२ टेकडीवर आहेत. येथें ४८ व १६ हीं दोन्हीं उत्तरें ग्राह्य ठरतात. कां, तें विद्यार्थ्यांनीं घरीं वडील मंडळींसमोर पडताळून दाखवावें.