थाट कुणाचा, दाद कुणाची?

क्रिकेटचे इंग्रजी समालोचन ऐकणाऱ्याला ‘मॅग्निफिसंटली’ हा शब्द नवा नाही. कव्हरमधून चेंडू सीमापार गेला की ‘मॅग्निफिसंटली प्लेड’. नाटकाच्या परीक्षणात हाच शब्द, हॉटेलच्या जाहिरातीतही हाच. आणि एखादी योजना पार बोंबलली तर ती ‘मॅग्निफिसंटली’ फसली, असेही इंग्रजीत खुशाल म्हणतात. एकच क्रियाविशेषण शाबासकी देते आणि चिमटाही काढते. मुळात मात्र त्याचा शाबासकीशी संबंध नव्हता आणि चिमट्याशीही नव्हता. त्याचा संबंध होता तो खर्चाशी. पैसा कोणी, कशावर आणि कोणत्या रीतीने खर्च केला, याच्याशी.

लॅटिनमध्ये ‘मॅग्नस’ म्हणजे मोठा आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. मोठे काही करणारा तो ‘मॅग्निफिकस’. शब्दाच्या पोटात ‘करणे’ आहे, ‘दिसणे’ नाही. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या ‘करण्या’चे हळूहळू ‘दिसण्या’त रूपांतर कसे झाले, त्याचा इतिहास आहे.

शोभेल असा खर्च

या कल्पनेचे मूळ ग्रीक आहे. अथेन्समध्ये श्रीमंत नागरिकांवर काही सार्वजनिक खर्चांची जबाबदारी पडत असे. कोणी वर्षभर एखाद्या युद्धनौकेचा खर्च उचलायचा, कोणी उत्सवातल्या नाट्यस्पर्धेसाठी गायकवृंद उभा करायचा. स्पर्धा जिंकली की आश्रयदाता स्मारकही उभारी. लिसिक्रेटिस नावाच्या अशाच एका धनिकाने इ. स. पू. 335-334च्या सुमारास उभारलेले गोल, नाजूक स्मारक आजही अथेन्समध्ये उभे आहे.

हा व्यवहार डोळ्यांसमोर असलेल्या अॅरिस्टॉटलने ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या चौथ्या भागात एका सद्गुणाची चर्चा केली आहे. त्याचे नाव ‘मेगालोप्रेपेया’. यात ‘मेगा’ म्हणजे मोठे आणि ‘प्रेपेइन’ म्हणजे शोभणे. नुसता मोठा खर्च म्हणजे सद्गुण नव्हे. तो करणाऱ्याला, प्रसंगाला आणि वस्तूला शोभला पाहिजे. एका बाजूला कंजूषपणा, दुसऱ्या बाजूला बडेजाव, आणि मधे हा गुण.

बडेजावाची त्याने दिलेली उदाहरणे मासलेवाईक आहेत. मंडळातल्या मित्रांच्या साध्या जेवणाला लग्नाच्या पंगतीचा थाट करणारा माणूस, किंवा विनोदी नाटकातल्या गायकवृंदाला जांभळी वस्त्रे चढवून रंगमंचावर आणणारा. जांभळा रंग त्या काळी भलताच महाग. अशा माणसाचा पैसा जातो आणि शोभा काही होत नाही. उलट लहान मुलाला द्यायचा एखादा सुंदर चेंडू स्वस्त असला, तरी मुलाला द्यायची भेट म्हणून तो भव्यच ठरतो, असे अॅरिस्टॉटल सांगतो. भव्यता रकमेवर नाही, औचित्यावर ठरते. तरीही गरिबाला हा गुण साधणार नाही, असेही त्याने बजावून ठेवले आहे, कारण मोठा खर्च करायला हाताशी मुळात काही तरी हवे.

तेराव्या शतकात लिंकनचा बिशप रॉबर्ट ग्रोसटेस्ट याने हा ग्रंथ लॅटिनमध्ये आणला आणि ‘मेगालोप्रेपेया’च्या जागी ‘मॅग्निफिसेंशिया’ रूढ झाले. थॉमस अॅक्वायनसने या गुणाला धैर्याच्या कुटुंबात बसवले, कारण मोठ्या कामात पैसा ओतायलाही छाती लागते.

फ्लॉरेन्सची वही

हा सद्गुण खऱ्या अर्थाने फळला तो पंधराव्या शतकातल्या इटलीत. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याने पैसा सावकारीत मिळवला होता, आणि व्याज घेणे चर्चच्या लेखी पाप होते. मठ, चर्च आणि ग्रंथालये बांधणे हा त्यावरचा उतारा होता आणि शहरावर वजन ठेवण्याचे साधनही. लोरेन्झो दे मेदिचीने आपल्या नोंदींत घराण्याचा हिशेब लिहून ठेवला आहे: 1434 ते 1471 या काळात इमारती, दानधर्म आणि कर यांवर 6,63,755 फ्लोरिन. एवढी रक्कम गेल्याचे त्याला दुःख नाही. त्यातला काही भाग थैलीत राहिला असता तर बरे, असे इतर म्हणतील. पण घराण्याच्या नावासाठी तो खर्च सार्थकी लागला, अशी त्याची भूमिका.

हाच लोरेन्झो ‘इल मॅग्निफिको’ म्हणून ओळखला जातो. पण त्याच्या हयातीत ‘मॅग्निफिको’ हे इटलीच्या शहरांतल्या बड्या असामींना लावायचे सर्रास संबोधन होते, साधारण आपल्या ‘श्रीमंत’सारखे. पुढे इतरांचे गळून पडले आणि लोरेन्झोचे तेवढे चिकटून राहिले. नेदरलँड्समधल्या विद्यापीठांचा कुलगुरू आजही ‘रेक्टर मॅग्निफिकस’ म्हणवतो. तिथे या उपाधीतला खर्चाचा अर्थ केव्हाच विरला आहे.

नेपल्सच्या जोवान्नी पोंटानोने 1498मध्ये या गुणांवर छोटे ग्रंथ प्रसिद्ध केले आणि त्यांत बारीक भेद केला. इमारतींसारख्या मोठ्या कामांवरचा खर्च ही भव्यता, आणि घरातली भांडी, गालिचे, सजावट यांवरचा खर्च म्हणजे झळाळी. लोकांसाठी केलेले आणि स्वतःच्या दिवाणखान्यासाठी केलेले यांत त्याने रेघ ओढली. इंग्रजीत आल्यावर ही रेघ पुसट होत गेली.

मापाशी काडीमोड

इंग्लंडात धोक्याची घंटा लवकर वाजली. कवी जॉन स्केल्टनने आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला ‘मॅग्निफिसेन्स’ नावाचे रूपक नाटक लिहिले. नायकाचे नावच मॅग्निफिसेन्स, आणि त्याचा खरा सल्लागार म्हणजे ‘मेझर’, अर्थात प्रमाण. दरबारात लहर नावाचे पात्र औदार्याचे सोंग घेऊन शिरते, प्रमाणाला हुसकून लावले जाते, आणि नायक दारिद्र्यातून निराशेच्या गर्तेत कोसळतो. अखेर सद्गुणांची पात्रे त्याला सावरतात.

हेन्रीने हा धडा घेतला असे दिसत नाही. जून 1520मध्ये तो फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याला कॅलेजवळ भेटला. या भेटीला ‘सोनेरी वस्त्रांचे मैदान’ असे नाव पडले ते जरतारी तंबूंमुळे. हेन्रीसाठी तात्पुरता राजवाडा उभारला होता आणि त्याच्या दारातल्या कारंज्यांतून दारू वाहत होती. दोस्तीच्या या सोहळ्यानंतर दोनच वर्षांत दोन्ही देश लढाईला उभे राहिले. हाच अॅरिस्टॉटलचा मित्रभोजनाचा दाखला, फक्त राजांच्या मापाने.

तरी शब्दाचा मान शाबूत होता. एडमंड स्पेन्सरने 1590मध्ये आपल्या महाकाव्याचा नायक आर्थर याला याच गुणाचे प्रतीक म्हटले. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये जेरुसलेमचे मंदिर ‘मॅग्निफिकल’ हवे, असे दावीद सांगतो. हे जुने रूप आणि त्यावरून झालेले ‘मॅग्निफिकली’ पुढे मागे पडले आणि ‘मॅग्निफिसंटली’ टिकले.

बघणाऱ्याच्या ताब्यात

सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शक वापरात आले आणि ‘मॅग्निफाय’ या भावंडाचा अर्थ आधी बदलला. तोवर त्याचा अर्थ होता थोरवी गाणे. देवाची थोरवी गाणारे मेरीचे स्तोत्र म्हणूनच ‘मॅग्निफिकाट’. भिंगाखाली मात्र पिसू प्रत्यक्षात मोठी होत नाही, नुसती मोठी दिसते.

‘मॅग्निफिसेन्स’चेही तेच झाले. एडमंड बर्कने 1757मध्ये उदात्त आणि सुंदर यांवर निबंध लिहिला. त्यात भव्यतेवर एक प्रकरण आहे आणि त्याचे ठळक उदाहरण आहे ताऱ्यांनी भरलेले आकाश. मौल्यवान वस्तूंची विपुलता, आणि तीही वरकरणी अस्ताव्यस्त, यातून ती भावना उपजते असे तो म्हणतो. इथे शब्दाने कूस बदलली. आकाशाचा खर्च कोणी उचललेला नाही, औचित्याचा प्रश्नच नाही. भव्यता आता पाहणाऱ्याच्या मनात घडते. देणारा गेला, प्रेक्षक उरला. प्रेक्षकाची दाद एकदा मोकळी झाली की ती कशालाही देता येते: सूर्यास्ताला, भाजलेल्या बदकाला, कव्हर ड्राइव्हला.

25 ऑक्टोबर 1854 रोजी बालाक्लावाला ती एका आत्मघातालाही मिळाली. आदेश समजण्यात घोटाळा झाला आणि सुमारे 670 ब्रिटिश घोडेस्वार थेट रशियन तोफांवर चालून गेले. शंभराहून अधिक मारले गेले. ते पाहणारा फ्रेंच सेनापती पिएर बोस्के म्हणाला की हे भव्य आहे खरे, पण याला युद्ध म्हणत नाहीत. त्याचा शब्द होता फ्रेंच ‘मान्यिफिक’. एका वाक्यात कौतुकही होते आणि निकालही.

विसाव्या शतकात बाजाराने शब्द उचलला. 1947मध्ये शिकागोच्या मिशिगन अॅव्हेन्यूच्या एका पट्ट्याला आर्थर रुब्लॉफ या जमीनजुमल्याच्या व्यावसायिकाने ‘मॅग्निफिसंट माइल’ म्हणून गाजवले. देण्याचा शब्द खरेदीच्या दारावर लागला. 1965मध्ये ‘दोज मॅग्निफिसंट मेन इन देअर फ्लाइंग मशिन्स’ या विनोदी चित्रपटाने तो विमानांसह कोसळणाऱ्या वैमानिकांना बहाल केला. पण त्याआधी, 1960च्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये, त्याची जुनी बाजू अचानक वर आली होती. कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’वरून बेतलेल्या या चित्रपटात सात बंदूकबाज अवघ्या वीस-वीस डॉलरवर गरीब शेतकऱ्यांसाठी लढतात आणि त्यातले चौघे मरतात. गरिबाला हा गुण साधत नाही म्हणणाऱ्या अॅरिस्टॉटलला हॉलिवूडने दिलेले हे उत्तर म्हणायला हरकत नाही. हाताशी पैसा नसेल, तर जीव खर्चता येतो.

फसण्यातले माप

आता त्या टोमण्याकडे पाहू. बस चुकली तर ती कोणी ‘मॅग्निफिसंटली’ चुकली म्हणत नाही. दोन हजार पाहुण्यांच्या स्वागत समारंभात नवरदेवच पोहोचला नाही, तर म्हणतील. म्हणजे या वापराला पसारा मोठा लागतो, कोणी तरी जिद्दीने काही उभारलेले लागते, आणि ते प्रसंगाशी विसंगत ठरलेले लागते. म्हणजेच मोठेपणा, कर्ता आणि औचित्याचा तोल या तिन्ही गोष्टी परत आल्या. हॉटेलची खोली ‘मॅग्निफिसंटली’ सजवली आहे असे जाहिरात सांगते तेव्हा यांतले काही उरलेले नसते; तिथे शब्द फक्त ‘छान’ म्हणतो, जरा मोठ्या आवाजात.

शब्द झिजले की आपण वापरणाऱ्यांना बोल लावतो. पण या शब्दाची गंमत अशी की त्याची स्तुती झिजली आणि थट्टा धारदार राहिली. म्हणून इंग्रजी वाचताना ‘मॅग्निफिसंटली’ दिसला की पुढच्या क्रियापदावर नजर टाकावी. ‘सजवणे’ असेल तर पुढे जायला हरकत नाही. ‘फसणे’ किंवा ‘हरणे’ असेल तर थांबावे. कोणी तरी मोठा खर्च केलेला असतो आणि लिहिणाऱ्याने त्याचे माप काढलेले असते.