दूध पुरत नाही, हे कशावरून?

बाळ रात्री सारखे रडू लागले, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘आईचे दूध पुरत नाही वाटते.’ पहिलटकरीण आधीच थकलेली असते. टाके दुखत असतात, झोप झालेली नसते. या वाक्याने तिचा उरलासुरला धीर सुटतो आणि पावडरच्या दुधाचा डबा घरात येतो. प्रत्यक्षात पुरेसे दूध येऊच शकत नाही, अशा माता थोड्याच असतात. बहुतेकींना गरज असते ती योग्य मदतीची आणि आत्मविश्वासाची.

पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर चिकाचे दूध चमच्याने मोजण्याइतकेच असते. बाळाची गरजही तेव्हा थोडीच असते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दूध वाढते. सिझेरियननंतर थोडा उशीर होऊ शकतो. नेमके याच काळात गरज नसताना वरचे दूध सुरू झाले, तर बाळ अंगावर कमी ओढते. जितके दूध ओढले जाते, तितके नवे तयार होते. ओढणे कमी झाले, की दूधही कमी होते आणि सुरुवातीला निराधार असलेली भीती खरी ठरते.

चिंतेचाही परिणाम होतो. प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. ताण आणि वेदना असतील, तर दूध असूनही पान्हा अडतो.

आईचा हा आत्मविश्वास मोजता येतो. कॅनडातील संशोधक सिंडी-ली डेनिस यांनी त्यासाठी १९९९ मध्ये ३३ प्रश्नांची मोजपट्टी मांडली. पुढे १४ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. तिचा आधार मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा सिद्धांत आहे. त्यानुसार विश्वास चार गोष्टींतून येतो : स्वतःला आलेले यश, दुसरीला पाजताना पाहणे, जवळच्यांचे प्रोत्साहन आणि शरीराला मिळालेला आराम.

या चारही गोष्टी देता येण्याजोग्या आहेत. मात्र, केवळ दवाखान्यात बाळंतपण झाल्याने त्या मिळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये झाली. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली बाळे होती ४१.८ टक्केच.

सुरुवात पकडीपासून करावी. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा आणि तोंडात केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही असावा. पाजताना सतत दुखत असेल, तर पकड चुकते आहे असे समजून परिचारिकेला किंवा स्तनपान सल्लागाराला दाखवावे.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून ठरवू नये. पाचव्या दिवसानंतर बाळाने चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी केली, शी पिवळी झाली आणि जन्मानंतर उतरलेले वजन दोन आठवड्यांत भरून आले, तर दूध पुरते आहे.

बाळ सुस्त असेल, पिण्यासाठी जागे होत नसेल, लघवी कमी होत असेल किंवा कावीळ वाढत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यांनी काही काळ वरचे दूध सांगितले, तर तो आईचा पराभव नव्हे. अशा वेळीही अंगावर पाजणे सुरू ठेवून दूध वाढवता येते.