हिरवा दगड, काळा दगड

कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीच्या कारखान्यातला केर कुणी सहजासहजी उकिरड्यावर टाकत नाही. घासताना, कापताना उडालेले चांदीचे कण त्यात असतात. तो जाळून, राख धुऊन धातू परत मिळवता येतो. सराफी पेठांतला असा केर धुणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात. निसर्गात सोन्याचे नेमके हेच झाले आहे. पृथ्वीच्या कवचात सोने सगळीकडे आहे, पण टनभर दगडात जेमतेम काही मिलिग्रॅम. खाण चालवायची तर टनाला निदान दोन-तीन ग्रॅम तरी हवेत, म्हणजे सोने हजारपटीच्या आसपास एकवटलेले हवे. तेव्हा जमिनीत सोने आहे का, असे विचारण्यात अर्थ नाही. तिथे निसर्गाचा झारेकरी येऊन गेला होता का, हे विचारायला हवे.

हुपरीच्या पायाखालचा काळा पाषाण ज्वालामुखीचा आहे, आणि हुपरीपासून सरळ रेषेत दीडशे-दोनशे किलोमीटरवर धारवाड-गदग भागात असलेले सोनेधारी पट्टेही बऱ्याच अंशी ज्वालामुखीच्याच खडकांचे आहेत. मग तिकडे सोने आणि इकडे नाही, हे कसे? दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, धारवाडचे खडक अडीचशे कोटींहून जुने. पण नुसत्या वयाने सोने येत नाही. धारवाडी लाव्हा पुढे खोल गाडला गेला, दाबला-चुरगळला गेला, तापला आणि त्यातली मूळ खनिजे बदलून हिरवट क्लोराइट, ॲक्टिनोलाइट तयार झाली. म्हणून अशा खडकाला जगभर हिरवा दगड, ‘ग्रीनस्टोन’ म्हणतात. याच काळात खोलवरच्या भेगांतून तीन-चारशे अंश तापमानाचे पाणी वर सरकत होते. सोने साध्या पाण्यात विरघळत नाही, पण गंधकाची सोबत मिळाली की विरघळते. हे पाणी लोहाने समृद्ध अशा जुन्या लाव्ह्यात शिरले की लोह गंधकाला ओढून घेते, त्याचे माक्षिक (पायराइट) बनते, आणि सोबत सुटलेले सोने तिथेच बसते. भेगेत राहते ती गारगोटीची पांढरी शीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना रंग बदललेला, कार्बोनेट आणि अभ्रक वाढलेला खडक. सोन्याची खरी खूण हा बदललेला खडक आहे.

यावर कुणी म्हणेल, आपला काळा पाषाणही बदललेला आहेच की. जळगाव-वेरूळकडच्या दगडांच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, तेही पाण्यानेच घडवले. खरे आहे, पण ते पाणी तुलनेने कोमट, उथळ थरांत मुरलेले. दख्खनचे थर बव्हंशी आडवेच राहिले. खोल गाडले जाऊन चुरगळण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: काळ्या पाषाणाखाली जुने खडक असतीलच ना? आहेत. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विवरात सुमारे ३४० मीटरवर, तर कोयना भागात सुमारे ९३० मीटर खाली दख्खनचा थर संपला आणि प्राचीन खडक लागला. पण तो ग्रॅनाइट-नीस जातीचा होता, हिरव्या दगडाचा पट्टा नव्हे. आणि पट्टा असलाच तरी वर इतके जाड झाकण असताना मातीचे नमुने घेऊन तो हुडकता येत नाही.

कारण शोधाची सुरुवात मातीपासूनच होते. सोन्याबरोबर बहुधा सोमल, म्हणजे आर्सेनिक, येते, आणि ते मातीत सोन्यापेक्षा लांबवर पसरते. म्हणून आधी सोमल मोजायचे, मग चर खणायचे, शेवटी विंधनविवरे घ्यायची. जुन्या लोकांच्या खाणींचे खड्डेही वाट दाखवतात. कर्नाटकात रायचूर भागातल्या हट्टीच्या सोन्याच्या खाणीत असे खोल प्राचीन खड्डे सापडले. १९१५ साली त्याच भागात मस्कीला बीडन नावाचे खाणअभियंता सोने शोधत फिरत होते, त्यांना सापडला शिलालेख, आणि त्यात चक्क अशोकाचे नाव.

एवढ्या खटाटोपाला अर्थ आहे का, हा प्रश्न रास्तच. देश वर्षाला शेकडो टन सोने आयात करतो आणि हट्टीतून दोन टनही निघत नाही. कर्नाटकातल्याच कोलारच्या खाणीने शतकभरात सुमारे ८०० टन दिले, तीन किलोमीटरहून खोल गेले, आणि २००१ साली खाण बंद झाली. सोने संपले म्हणून नव्हे, काढणे परवडेना म्हणून. आयात थांबवण्याच्या आशेने शोध घेणारा फसेल. तरीही माझ्या मते शोध चालू राहावा, पण जिथे खडकाची साक्ष आहे तिथे: कर्नाटकातले हिरवे पट्टे, आणि महाराष्ट्रात पूर्वेकडचा नागपूर-भंडाऱ्याचा साकोली पट्टा, जिथले खडक काळ्या पाषाणाहून कितीतरी जुने आणि खूप बदललेले आहेत. कोल्हापूरच्या काळ्या दगडावर त्यासाठी पैसा घालू नये.

आणि विहीर खणताना दगडात पिवळे काही चमकलेच, तर सराफाकडे धावण्याआधी तो कण हातोडीखाली धरा. सोने चपटे होते, माक्षिकाचा भुगा होतो.