प्रूफ नाण्यांचे मूळ वेष्टन : जपावे की सोडावे?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी दिली होती : "सर, जुन्या प्रूफ संचातली नाणी मूळ वेष्टनातच ठेवावीत का?" प्रश्न छंदाचा वाटतो, पण मुळात तो साधन आणि साध्य यांचा आहे. म्हणून आज तोच घेऊ.

आधी 'प्रूफ' म्हणजे काय? पुष्कळांना वाटते, नाणे किती चांगले राहिले आहे त्याचा हा दर्जा. तसे नाही. ती नाणे घडवण्याची रीत आहे. ठसे चकचकीत करायचे, कोरी चकतीही तशीच निवडायची आणि एकाहून जास्त वेळा दाब द्यायचा. त्यामुळे पृष्ठभाग आरशासारखा होतो. आता आरशाला बोट लागले की डाग पडतोच. वेष्टनाची गरज इथून सुरू होते.

अमेरिकेचे उदाहरण बघा. १९४२ नंतर बंद पडलेले प्रूफ संच फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने १९५० साली पुन्हा सुरू केले. सेंट, निकेल, डाइम, क्वार्टर, हाफ डॉलर अशी पाच नाणी. दर्शनी किंमत ९१ सेंट, विक्रीची २ डॉलर १० सेंट. प्रत्येक नाणे वेगळ्या पारदर्शक पिशवीत, पाचही पिशव्या वरच्या टोकाला स्टेपलरच्या पिनेने जोडलेल्या, भोवती पातळ टिश्यू कागद आणि बाहेर पुठ्ठ्याची चौकोनी डबी. १९५५ साली काही संच डबीत गेले, काही नव्या चपट्या वेष्टनात. हे चपटे वेष्टन, म्हणजे पाचही नाणी एकाच प्लास्टिकमध्ये शेजारी-शेजारी आणि वर कागदी पाकीट, १९६४पर्यंत चालले. १९६८पासून प्रूफ संच सॅन फ्रान्सिस्कोला बनू लागले आणि कडक प्लास्टिकची पेटी आली.

आता गोम कुठे आहे? डबी होती टपालाने नाणी सुखरूप पोचवण्यासाठी. सत्तर वर्षे टिकवण्याचा विचार त्यात नव्हता. पिन गंजते. पिशवी कडक होते, चिरते. पुठ्ठ्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. म्हणजे ज्याने राखायचे, तेच हळूहळू खाते!

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे थोरले बंधू शिकायला अमेरिकेत होते. त्यांच्या पश्चात वहिनींनी मला १९५४ची एक डबी दिली. पिनेवर तांबूस गंज दिसत होता. पण 'मूळ आहे, हात लावायचा नाही' या हट्टापायी मी ती तशीच कपाटात ठेवली. मुंबईचे पावसाळे तुम्हाला माहीतच आहेत. काही वर्षांनी उघडली, तर गंज पिशवीतून उतरून हाफ डॉलरच्या कडेला लागला होता. तो डाग आता जात नाही. दादांची वस्तू जपतो आहे असे मी समजत होतो. जपत होतो फक्त 'मूळ' हा शब्द.

'मिलिंदपञ्ह' ग्रंथात नागसेन राजाला विचारतो : रथ म्हणजे आस का, चाक का, जू का? एकेकटा कोणताच भाग रथ नाही. सगळे मिळून आपण ते नाव देतो. आपला 'मूळ संच'ही तसाच. पिन म्हणजे संच नव्हे. पण म्हणून सगळे भाग सारखेच महत्त्वाचे, असेही नाही. डबी नाण्यासाठी आहे, नाणे डबीसाठी नाही.

अर्थात डबी फेकू नका. संच कोणत्या काळचा, कसा विकला गेला, याची ती साक्ष आहे. मात्र साक्षीदारही तपासावा लागतो. जुन्या डबीत दुसरीच नाणी घालता येतात. आणि बंद पाकिटाचा मोह तर आणखी वेगळा. १९६०च्या सेंटमध्ये सालाचे आकडे मोठे आणि लहान असे दोन प्रकार आहेत. लहान आकड्यांचा दुर्मीळ. पाकीट उघडावे तर 'बंद' असण्याचे मोल गेले, न उघडावे तर आत काय आहे ते कळत नाही. तिथे आपण नाणे विकत घेत नाही, शक्यता विकत घेतो.

तेव्हा माझे उत्तर असे. पिन असेल तर ती आजच तपासा. गंज दिसला तर नाणी कडेने धरून अलगद काढा. पीव्हीसी नसलेल्या वेष्टनात ठेवा. पीव्हीसीमुळे हिरवट चिकट थर येतो. नाणे कधीही पुसू नका, आरशावर चरे पडतात. डबी, टिश्यू, पाकीट शेजारी वेगळे ठेवा आणि कधी, का काढले, याची चिठ्ठी त्यात घाला.

ती चिठ्ठीही उद्या त्या संचाचाच भाग होईल.