शहरातील मुके शेजारी

कोल्हापूरची शाहूपुरी ही व्यापाराची जुनी पेठ होय. राजर्षी शाहू महाराजांनी ती १८९५ मध्ये वसविली. त्यापूर्वी चार वर्षे कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला होता. त्यामुळे येथील गुळाचा व्यापार भरभराटीस आला. पुढे गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला. तथापि रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक जवळच असल्यामुळे शाहूपुरीची वर्दळ ओसरली नाही. जेथे वर्दळ, तेथे खाणावळी आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या आल्या. त्यांच्यामागोमाग उष्टे-खरकटेही आले. आणि जेथे खरकटे पडते, तेथे एक मुका शेजारी हमखास वस्तीस येतो. तो म्हणजे मोकाट कुत्रा.

कुत्रा हा मनुष्याचा फार प्राचीन सोबती आहे. श्रीदत्ताच्या चित्रात त्याच्या पायांशी चार कुत्री असतात. खंडोबाजवळही कुत्रा असतोच. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा तर महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाते. परंतु रात्री कामावरून परतणाऱ्या माणसाच्या मागे कुत्र्यांची टोळी लागते किंवा एखाद्या लहान मुलाला कुत्रे चावते, तेव्हा मनात भूतदया नसते; भीती असते. ही भीती खोटी नाही.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीज या रोगाचे विषाणू असतात. चाव्यावाटे ते शरीरात शिरतात आणि मज्जातंतूंच्या मार्गाने हळूहळू मेंदूकडे जातात. या प्रवासास बहुधा दोन-तीन महिने लागतात; कधी थोडे दिवसही पुरतात. रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. मात्र विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी लस दिली, तर हा रोग टळतो. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला अशी लस टोचण्यास प्रारंभ केला आणि तो मुलगा वाचला. म्हणून कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन उपचार सुरू करावेत. जखमेवर तिखट किंवा चुना लावणे घातक आहे. चावणारे लहान पिलू असले, तरी हयगय करू नये. मुलांनीही शिक्षेच्या भयाने चावा घरी लपवू नये. लपविलेला चावा जिवावर बेतू शकतो.

मग सर्व कुत्री मारून टाकली तर प्रश्न सुटणार नाही काय? हा उपाय नवा नाही. मुंबईत इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीसही ठेवले होते. पारशी समाजात कुत्रा पवित्र मानला जातो. १८३२ च्या जून महिन्यात पारशी लोकांनी या हुकमाविरुद्ध उठाव केला. इतर समाजांचे लोकही त्यांना मिळाले, दुकाने बंद झाली आणि सरकारला सैन्य बोलवावे लागले. परंतु हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हे. कुत्री आपापली हद्द राखून राहतात. एका गल्लीतील कुत्री नाहीशी केली आणि खरकटे मात्र तसेच राहिले, तर शेजारच्या भागातील कुत्री त्या मोकळ्या जागेत येतात. कुत्रीला सुमारे दोन महिन्यांत पिले होतात, आणि एका वेळी ती अनेक असतात. त्यामुळे अल्पावधीत संख्या पूर्ववत होते. शिवाय नव्याने आलेली कुत्री लस न टोचलेली आणि त्या भागातील माणसांना अनोळखी असतात.

म्हणून निराळा मार्ग शोधण्यात आला. कुत्र्यांना इजा न करता पकडावे, शस्त्रक्रियेने त्यांचे निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला लहानशी खाच पाडावी आणि जखम भरल्यावर त्यांना त्यांच्याच गल्लीत सोडावे, असा हा मार्ग आहे. अशी कुत्री आपली हद्द राखतात. परंतु त्यांना पिले होत नाहीत आणि रोगही पसरत नाही. कालांतराने संख्या आपोआप घटते. भारतात यासंबंधीचे नियम २००१ मध्ये झाले आणि २०२३ मध्ये ते नव्याने करण्यात आले. त्यांनुसार ही जबाबदारी महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थांवर आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये पिसाळलेली व आक्रमक कुत्री परत सोडू नयेत असे सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानके येथील कुत्री निवाऱ्यात हलवावीत, असा आदेश दिला. दयेलाही विवेकाची जोड हवी, हेच यावरून दिसते.

हे काम अर्धवट करून भागत नाही. एखाद्या भागातील शंभरांपैकी निदान सत्तर कुत्र्यांना लस टोचली गेली, तरच रोगाची साखळी तुटते. गोव्यात २०१३ नंतर लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. जाळी घेतलेली पथके गल्लोगल्ली फिरली, लस टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेवली गेली आणि शाळाशाळांतून मुलांना या रोगाची माहिती देण्यात आली. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले.

पथके लस टोचतील. पण खरकटे कोण आवरणार? ते काम नागरिकांचे आहे. उरलेले अन्न रस्त्यावर न टाकता कचरागाडीत द्यावे. कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल, तर नेमून दिलेल्या जागीच घालावे आणि नंतर ती जागा स्वच्छ करावी. पाळलेल्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचावी आणि तो म्हातारा झाला म्हणून त्याला रस्त्यावर सोडू नये. मुलांनी खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळ असलेल्या कुत्र्याला छेडू नये. कुत्रे अंगावर आलेच तर पळत न सुटता स्तब्ध उभे राहावे.

शाहूपुरीतील कोणत्याही गल्लीला हे साधण्यासारखे आहे. जेथे खरकटे उघड्यावर पडत नाही आणि प्रत्येक कुत्र्याच्या कानाला खाच दिसते, तेथे मूल निर्धास्तपणे शाळेत जाते आणि कुत्राही दगड न खाता सावलीत झोपतो. माणसाची सुरक्षितता आणि मुक्या जीवावरील दया यांत वैर नाही. नीट व्यवस्था असेल, तर दोन्ही एकाच गल्लीत सुखाने नांदतात.