मी शिरूरला, ती दौंडला

इलेक्ट्रॉन कसला हट्टी प्राणी आहे, माहितीये? तो फर्मिऑन जातीचा. एका जागेवर दुसऱ्याला बसू देणार म्हणजे नाहीच. दौंड-पुणे गाडीत रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांचा फंडाही हाच! साध्या तारेत हे इलेक्ट्रॉन धक्के खात एकेकटे पळतात, म्हणून तर तार तापते.

पण ॲल्युमिनियम उणे 272 अंशांच्याही खाली नेलं, की गंमत होते. एक इलेक्ट्रॉन जाताना आजूबाजूचे अणू किंचित स्वतःकडे ओढतो, त्या ओढीनं दुसरा येतो आणि जोडी जमते. लिऑन कूपर यांनी 1956 मध्ये ही जोडी मांडली. पुढच्याच वर्षी बार्डीन आणि श्रीफर यांच्यासोबत पूर्ण थिअरी आली, 1972 मध्ये तिघांना नोबेल. जोड्या एका तालात चालतात, विजेला अडथळा शून्य.

आमच्यासारख्यांनी लक्ष द्यावं असं पुढे आहे. मी रांजणगाव एमआयडीसीत, राहायला शिरूरला. बायको दौंडला बँकेत. भेट वीकएंडला, तीही माझी शिफ्ट नसेल तर. बदलीसाठी तिचे दोन अर्ज झालेत. ‘असा कसला संसार?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना मी आता कूपरची जोडी सांगतो. ॲल्युमिनियममध्ये या दोघांत हजारो अणूंचं अंतर असतं आणि मधे लाखो परक्या जोड्यांची गर्दी. तरी जोडी जोडीच! एकाचा स्पिन वर, तर दुसऱ्याचा खाली. कोणाचा कुठला, हे मोजेपर्यंत ठरलेलंच नसतं. पक्कं असतं ते दोघांचं एकमेकांशी नातं. यालाच एन्टँगलमेंट म्हणतात.

फार रोमँटिक होऊ नका, बॉस. यातून निरोप जात नाही. एकाला मोजलं की दुसऱ्याचं काय ते मोजणाऱ्याला कळतं, त्या दुसऱ्याला काहीच कळत नाही. रात्रीचा फोन करावाच लागतो. ‘आणि तो तूच करायचा,’ इति बायको.

अशा जोड्यांवर चालणारी चिप आपल्याकडेही आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सहा क्युबिटच्या सुपरकंडक्टिंग प्रोसेसरची चाचणी कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये पूर्ण झाली. क्युबिट टीआयएफआरचे, ते चालवणारी यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेची, क्लाउडची बाजू टीसीएसची. क्युबिट एकमेकांत गुंतवणं जमतं. ते गुंतलेले ठेवणं हीच जगभरची डोकेदुखी. जराशी उष्णता, बाहेरचा थोडा गोंगाट, आणि नातं विस्कटतं. म्हणून ही चिप अवकाशापेक्षाही थंड फ्रीजमध्ये ठेवावी लागते.